हा कागद टाइप कुणी केला?

टाइपरायटरची नक्कल करणारा एखादा फॉन्ट समोर आला की ही डिझायनर आधी शेजारी-शेजारी पडलेली दोन सारखी अक्षरं शोधते. इंग्रजी मजकूर असेल तर ‘लेटर’मधले दोन टी, ‘ऑफिस’मधले दोन एफ. मराठी असेल तर ‘मामा’तले दोन म. पहिल्या अक्षराच्या कडेला उडालेला शाईचा बारीक ठिपका दुसऱ्या अक्षरालाही नेमक्या त्याच जागी दिसला, की या मजकुरासाठी कुणी कळ दाबलेली नाही हे तिला लगेच कळतं.

पुण्यात ती पुस्तकांची मुखपृष्ठं करते, नाटकांची पोस्टरं करते, अधूनमधून एखाद्या संस्थेच्या प्रदर्शनाचे फलक करते. कामाची सुरुवात झाली मुंबईतल्या एका जाहिरात संस्थेत, गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात. झिजलेल्या, ओरखडलेल्या, शाई फुटलेल्या अक्षरांचं डिझायनर मंडळींना जगभर वेड लागलं होतं तो हा काळ. त्या धंद्यात अशा फॉन्टना ‘डिस्ट्रेस्ड’ म्हणतात. तेव्हापासून एक प्रश्न तिच्या टेबलावर कायमचा आहे. अक्षर जुनं दिसावं म्हणून आपण त्याला जे ओरखडे देतो, ते आले कुठून?

खऱ्या यंत्रात झीज दोन प्रकारची असते, असं ती तिच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना सांगते. पहिली धातूची. दांड्याच्या टोकाचं अक्षर वर्षानुवर्षं रोलरवर आपटून बोथट होतं, त्याचा एखादा टवका उडतो, दांडा किंचित वाकतो आणि ते अक्षर कायमचं एका बाजूला कलतं. ही खोड दर वेळी जशीच्या तशी उमटते. चपलेची टाच माणसाच्या चालीप्रमाणे एकाच बाजूनं झिजावी, तशी ही झीज त्या यंत्राची ओळख होऊन बसते. आर्थर कॉनन डॉयलला हे १८९१ सालीच उमगलं होतं. ‘अ केस ऑफ आयडेंटिटी’ या कथेत शेरलॉक होम्स टाइप केलेल्या पत्रांतला पुसट ‘ई’ आणि ‘आर’च्या शेपटीतली खोट दाखवून फसवणाऱ्या माणसाला उघडं पाडतो.

दुसरी झीज ठोक्याची. करंगळीखालचं अक्षर फिकं, तर्जनीखालचं गडद. नवी रिबन असेल तर कडा फुगतात. सुकलेली असेल तर अक्षराच्या अंगावर कापडाची वीण दिसते. काळ्या-लाल रिबनवर यंत्र जरा बिघडलं की काळ्या अक्षराच्या कडेला लालसर रेघ येते. ही झीज कधीही दोनदा सारखी येत नाही. आणि फॉन्ट नेमका इथे पकडला जातो, कारण साध्या फॉन्टमध्ये एका अक्षराचं एकच चित्र साठवलेलं असतं. धातूची खोड तो बरोबर दाखवतो. ठोका मात्र गोठलेला असतो.

शिवाय प्रत्येक खुणेला कारण असतं. पूर्णविराम हा बारकासा ठिपका. अख्ख्या अक्षराइतकाच जोर त्या एवढ्याशा धातूवर एकवटला की कागदाला भोक पडतं. म्हणून शिकलेला टंकलेखक विरामचिन्हांवर बोट हलकं टाकतो, आणि नवशिक्याच्या कागदाची मागची बाजू बोटांनी चाचपली तर ठिपके हाताला लागतात. रिबनचे तंतू आणि सुकलेली शाई अक्षराच्या पोटात साचत जाते. मग इंग्रजीतले ‘ई’, ‘ए’, ‘ओ’ भरून काळे गोळे होतात, आणि मराठीत ‘ब’ आणि ‘व’ ओळखू येईनासे होतात. ते साफ करायला टंकलेखक ब्रश आणि टाचणी जवळ ठेवत. कार्बनची प्रत वेगळीच असते. तिथे कडा मऊ, अक्षर जाडसर, आणि जितकी खालची प्रत तितकं धुकं जास्त. सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलसाठी रिबन बाजूला सारून नुसत्या धातूनं मेण कापावं लागे. जोर जास्त झाला तर ‘ओ’चं पोटच गळून पडे आणि छापताना तिथे काळा डाग उमटे.

हे सगळं ठाऊक नसताना केलेले ओरखडे नुसते ओरखडे राहतात, असं तिचं स्पष्ट मत आहे. अक्षराच्या मधोमध पडलेली वेडीवाकडी चीर पाहिली की ती विचारते, कोणत्या टाइपरायटरवर अशी चीर पडते? तशा चिरा बहुधा फोटोशॉपमधल्या सिमेंटच्या भिंतीच्या पोताच्या असतात. भिंतीवर रंगवलेल्या अक्षराला त्या शोभतील.

या साऱ्या घराण्याचा मूळपुरुष म्हणावा असा फॉन्ट म्हणजे ‘ट्रिक्सी’. नेदरलँड्सचा अक्षररचनाकार एरिक व्हान ब्लोकलंड यानं तो केला आणि १९९१ साली फॉन्टशॉपच्या ‘फॉन्टफॉन्ट’ संग्रहात तो आला. बर्लिनमधल्या एका मैत्रिणीच्या टाइपरायटरची अक्षरं त्यानं घेतली, त्यांच्या खडबडीत कडा घासूनपुसून न काढता तशाच ठेवल्या, आणि मैत्रिणीचं टोपणनाव फॉन्टला दिलं. संगणकावरचं अक्षर म्हणजे गुळगुळीत, रेखीव, निर्जंतुक असंच समीकरण त्या वेळी होतं. व्हान ब्लोकलंड आणि त्याचा सहकारी युस्ट व्हान रॉसम यांनी त्याला आधीच सुरुंग लावला होता. त्यांच्या ‘बिओवुल्फ’ या फॉन्टमध्ये अक्षराची कड प्रत्येक छपाईत वेगळी यायची. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २०११ साली तो आपल्या संग्रहात घेतला. १९९२ मध्ये व्हान रॉसमनं रबरी शिक्के, खोक्यांवरची स्टेन्सिलची अक्षरं, प्लॅस्टिकच्या पट्टीवर उठवलेली डायमोची अक्षरं यांचेही फॉन्ट केले. रोज हाताखालून जाणाऱ्या आणि कुणी डिझाइन म्हणून न पाहिलेल्या अक्षरांकडे त्या दोघांनी लक्ष दिलं. तिला त्यांच्याबद्दल आदर आहे तो यासाठी.

१९९३ साली अमेरिकेत ‘द एक्स-फाइल्स’ ही मालिका सुरू झाली आणि तिच्या शीर्षकात ट्रिक्सी झळकला. गुप्त फाइल, सरकारी रहस्य, दडपलेला अहवाल असा सगळा भाव त्या चारदोन डागाळलेल्या अक्षरांनी पोचवला. पुढे काही वर्षं जाहिरात संस्थेत येणाऱ्या ग्राहकांच्या तोंडी ‘ते एक्स-फाइल्ससारखं करा ना’ हे वाक्य तिनं पुष्कळ ऐकलं. मग ते विमा असो, बूट असो वा कॉलेजचा महोत्सव.

तेव्हा या फॉन्टचं छपाईशी फारसं जमत नसे, ही गोष्ट आजच्या मुलांना सांगितली तर नवल वाटतं. संगणकावरचं अक्षर म्हणजे बिंदू जोडून काढलेली बाह्यरेषा. नेहमीच्या फॉन्टमधल्या ‘ओ’ला मोजके बिंदू पुरतात. खडबडीत कडेच्या ‘ओ’ला मात्र प्रत्येक खाचेसाठी बिंदू लागतात, आणि अशा अक्षरांचा अख्खा परिच्छेद फिल्म काढायला पाठवला की प्रोसेसिंग हाउसमधलं यंत्र मध्येच थांबायचं. पोस्टस्क्रिप्टची ‘लिमिटचेक’ नावाची चूक पडद्यावर यायची आणि रात्री उशिरा फोन वाजायचा. तिथला ऑपरेटर वैतागून म्हणायचा, ‘मॅडम, हे साध्या अक्षरात द्या की.’ मग मथळा वेगळा, मजकूर वेगळा, अशी पानाची विभागणी करून फिल्म निघायची. ट्रिक्सीच्या कर्त्यालाही याच मर्यादेमुळे त्या काळी तपशील आवरता घ्यावा लागला होता. २००८ साली त्यानं ‘ट्रिक्सी एचडी’ आणला तेव्हा यंत्रं बदलली होती. आता कडेचा तंतू न् तंतू दिसत होता, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकेका अक्षराची अनेक रूपं फॉन्टच्या पोटात होती. शेजारी तेच अक्षर आलं की ओपनटाइपची सोय आपसूक दुसरं रूप पुढे करी. ठोक्याची झीज दाखवायचा इतका प्रामाणिक प्रयत्न तिनं तोवर पाहिला नव्हता.

यात एक घोटाळा नेहमी होतो. टाइपरायटरची आठवण देणारे सगळेच फॉन्ट झिजलेले नसतात. ‘अमेरिकन टाइपरायटर’ हा १९७४ सालचा, जोएल केडन आणि टोनी स्टॅन यांचा फॉन्ट अगदी स्वच्छ आहे, आणि त्यात प्रत्येक अक्षराला आपापल्या रुंदीप्रमाणे जागा मिळते. मिल्टन ग्लेसरनं ‘आय लव्ह न्यूयॉर्क’च्या प्रसिद्ध बोधचिन्हात, त्या लाल बदामाशेजारी, वापरला तो हाच. ‘कुरिअर’ हा हॉवर्ड केटलरनं आयबीएमच्या यंत्रांसाठी १९५५च्या सुमारास केलेला टाइप. अमेरिकेत पटकथा आजही कुरिअरमध्ये लिहितात, आणि एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट असा हिशेब धरतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा पत्रव्यवहार २००४ पर्यंत कुरिअरमध्येच चालत असे. ज्याला नुसता टाइपरायटरचा ठेका हवा आहे त्याला ती यांच्यातलाच एखादा सुचवते. डाग हवेच असतील तर डाग का हवेत हे सांगावं लागतं.

आज असे फॉन्ट फुकट मिळतात. ‘अ‍ॅस्टिग्मॅटिक’ या फाउंड्रीचा ‘स्पेशल एलिट’ गूगल फॉन्ट्सवर आहे, स्मिथ-कोरोना आणि रेमिंग्टनच्या जुन्या अक्षरांवर बेतलेला. चांगला फॉन्ट आहे, तिनंही वापरला आहे. पण तो कॉफीच्या दुकानाच्या फळ्यावर, लग्नाच्या पत्रिकेवर, साबणाच्या वेष्टनावर, पोलिसी वेब मालिकेच्या शीर्षकावर एकाच वेळी दिसू लागला तेव्हा त्यानं काही सांगायचं जवळजवळ थांबवलं.

म्हणून तिनं स्वतःपुरती एक रीत ठरवली. कुठलंही असं काम आलं की आधी कागदावर चार प्रश्न लिहायचे. हा कागद टाइप कुणी केला? कोणत्या यंत्रावर? रिबन कधी बदलली होती? आपण पाहतो आहोत ती मूळ प्रत आहे की कार्बन? कोर्टाच्या खटल्यावरच्या एका नाटकाचं पोस्टर करताना दिग्दर्शकाला हे प्रश्न विचारले तेव्हा तो आधी गोंधळला, आणि मग म्हणाला, ‘जबानी घेणारा हवालदार टाइप करतोय. दोन बोटांनी. घाईत.’ एवढं कळल्यावर पोस्टर सरळ झालं. दोन बोटांनी जोरात मारलेलं अक्षर गडद असतं, पूर्णविराम कागदात घुसतात, आणि घाईत दोन दांडे अडकून एकमेकांवर पडलेली अक्षरं दिसतात. पोस्टरवर तेवढंच ठेवलं. बाकीचे डाग, चहाच्या कपाची वर्तुळं, जळक्या कडा हे सगळं काढून टाकलं.

खरी कसोटी लागली ती मराठीत.

न्यायालयात अनेक वर्षं नोकरी केलेल्या एका गृहस्थांच्या आठवणींचं पुस्तक होतं. मुखपृष्ठावर टाइप केलेलं नाव हवं, हे प्रकाशकांना आणि तिला दोघांनाही पहिल्या भेटीतच पटलं होतं. मनासारखा मराठी फॉन्ट मात्र सापडेना. देवनागरी फॉन्टच्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत मोठं काम झालं आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’नं ‘मुक्त’ आणि ‘बालू’सारखे घाटदार फॉन्ट सर्वांना मोफत खुले केले आहेत. पण झिजलेल्या मराठी टाइपरायटरची बाजू जवळपास रिकामी आहे. मग लोक काय करतात? एखादा सरळ देवनागरी फॉन्ट घेतात आणि त्यावर इंग्रजीसाठी बनवलेला डागांचा पोत टाकतात. तिनंही तो नमुना करून पाहिला आणि तासाभरात बाजूला ठेवला. त्यात मराठी टाइपरायटरचं काहीच नव्हतं.

कारण मराठी यंत्र अक्षर घडवतं ते निराळ्या रीतीनं. चव्वेचाळीस-सेहेचाळीस कळांवर, शिफ्टसकट, सुमारे नव्वद चिन्हं. एवढ्यात बाराखडी आणि जोडाक्षरं बसवायची तर काटकसर हवी. म्हणून ‘ख’, ‘ध’, ‘भ’, ‘ण’ यांसारख्या अक्षरांना रेमिंग्टनच्या कळफलकावर पूर्ण कळ नाही. आधी अर्धं अक्षर मारायचं आणि मग काना. म्हणजे ‘भ’ दोन ठोक्यांचा. दोन ठोक्यांचा जोर वेगळा पडला की अर्धा भाग गडद आणि काना फिका, आणि दोहोंच्या मध्ये सांधा. मात्रा, अनुस्वार, रफार, उकार यांच्या कळा दाबल्या की ठोका पडतो पण कॅरेज पुढे सरकत नाही. चिन्ह आधीच्या अक्षरावर जाऊन बसतं. त्याची जागा ठरलेली. खालचं अक्षर रुंद असो की अरुंद, अनुस्वार तिथेच पडणार. ऱ्हस्व इकार तर अक्षराच्या आधी मारायचा.

आणि शिरोरेषा. छापखान्यातल्या किंवा संगणकातल्या मराठीत ती एका दमात ओढल्यासारखी दिसते. टाइपरायटरवर प्रत्येक अक्षर आपला तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे शेजारी-शेजारी बसून रेषा होते. यंत्र जुनं झालं की तुकडे वरखाली होतात. त्यातही एक शिस्त आहे. बहुतेक अर्धी अक्षरं शिफ्ट दाबून मारायची असतात. शिफ्ट पूर्ण दाबली गेली नाही, किंवा तिची ठेवण बिघडली, तर शिफ्टमधली सगळी अक्षरं इतरांपेक्षा केसभर वर किंवा खाली बसतात. मग ‘पुस्तक’मधला अर्धा ‘स’, ‘न्यायालय’मधला अर्धा ‘न’ शिरोरेषेला पायरी पाडतो, आणि अख्ख्या कागदावर पायऱ्या नेमक्या अर्ध्या अक्षरांपाशीच दिसतात. इंग्रजीत हीच खोड मोठ्या लिपीतल्या अक्षरांवर दिसते, कारण तिथे शिफ्टमध्ये ती असतात. मराठीत ती शब्दाच्या पोटात शिरते. हे कोणत्याही तयार पोतातून येणार नाही.

हे तिला पुस्तकातून कळलेलं नाही. पुण्यात शिवाजीनगरच्या न्यायालयाबाहेर एक वयस्क टंकलेखक अजून यंत्र राखून होते. बाकीच्यांच्या टेबलांवर केव्हाच संगणक आणि प्रिंटर आले होते. ती त्यांच्यापुढे स्टुलावर बसून बघत राही.

‘काका, तुमच्या कागदावर पूर्णविराम उठतच नाही,’ तिनं एकदा मागून हात फिरवून पाहिलं आणि म्हटलं.

‘ताई, टिंबाला जोर लावायचाच नाही. क्लासात मास्तर कागद उलटा करून बघायचे. भोक दिसलं की पुन्हा टाइप करा पान.’

त्यांनी मराठीची तिसाची आणि चाळिसाची परीक्षा दिली होती. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या या परीक्षा, मिनिटाला ३० शब्द आणि ४० शब्द, गावोगावच्या टंकलेखन संस्थांतल्या हजारो मुलामुलींनी दिल्या आणि त्यावर नोकऱ्या मिळवल्या. आता त्या संगणकावर होतात. काकांच्या ठोक्यात ती शिस्त होती. ओळीतली अक्षरं इतकी एकसारखी गडद की तिला वाटलं, आपल्याला हवं ते ‘झिजकं’ अक्षर इथे मिळणारच नाही. मग तिनं त्यांना पुस्तकाबद्दल सांगितलं आणि विचारलं की दप्तरातल्या माणसाच्या हाती कोणता कागद राहतो.

‘कार्बन,’ ते म्हणाले. ‘ओरिजिनल जातं बाहेर. फाइलला लागते ती कार्बनच.’

मुखपृष्ठ तिथे ठरलं. काकांनी पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव बाँड कागदावर, खाली पातळ कागद आणि कार्बन लावून, पुन्हा पुन्हा टाइप करून दिलं. नवा कार्बन, वापरलेला कार्बन, पहिली प्रत, तिसरी प्रत. तिसऱ्या प्रतीवर अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या होत्या. अर्ध्या अक्षरांचे सांधे पुसट झाले होते, शिरोरेषेची पायरी मात्र दिसत होती. तीच निवडली. पैसे घेताना काका अवघडले, कारण त्यांच्या मते हे वाया गेलेले कागद होते. तिनं त्यांचा नेहमीचा पानाचा दर धरून, टाइप केलेल्या प्रत्येक पानाचे पैसे दिले. तिच्या लेखी ते डिझाइनच्या खर्चातलंच काम होतं आणि बिलातही ते तसंच मांडलं.

पुढचं काम कंटाळवाणं पण निर्णायक. टाइप केलेलं अक्षर जेमतेम तीन मिलिमीटरचं. मुखपृष्ठावर ते दहापट मोठं व्हायचं असेल तर छपाईला ३०० डीपीआय मिळावेत म्हणून स्कॅन ३००० डीपीआयचं लागतं. ते काळ्या-पांढऱ्यात करून चालत नाही, कारण कार्बनचं सगळं सौंदर्य राखाडी छटांत असतं. इलस्ट्रेटरमध्ये टाकून एका बटणावर बाह्यरेषा काढून घेतली तर कडा लाटांसारख्या गुळगुळीत होतात आणि अक्षर मेणाचं वाटू लागतं. म्हणून तिनं ते चित्र म्हणूनच ठेवलं. मग ऑफसेटचा प्रश्न. कागदावर शाई पसरते, बारीक ठिपके जुळून जातात, आणि पडद्यावर सुंदर दिसणारी पोकळी छापताना भरते. छापखान्यातल्या मशीनमनशी बोलून तिनं अक्षरांच्या आतल्या मोकळ्या जागा मुद्दाम थोड्या उघड्या केल्या. पुस्तक आलं तेव्हा लेखकांनी नाव बोटानं चाचपून पाहिलं.

या धंद्यात एक धोका आहे आणि त्याबद्दल ती पोटतिडकीनं बोलते. टाइप केलेला कागद हा पुरावा असतो. २००४ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीनं जॉर्ज बुश यांच्या लष्करी सेवेबद्दलची १९७० च्या दशकातली म्हणून काही टिपणं दाखवली. काही तासांतच लोकांनी दाखवून दिलं की अक्षरांची अंतरं आणि ओळींचे तुटण्याचे बिंदू मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये टाइम्स न्यू रोमननं लिहिलेल्या मजकुराशी जुळतात. अंकाला जोडून वर बारीक आलेलं ‘टीएच’ही तसंच होतं. प्रती काढून काढून तो मजकूर पुसट, डागाळलेला झाला होता, पण त्या डागांखाली यंत्राचा सांगाडाच नव्हता. त्या कागदांचा खरेपणा सिद्ध करता येत नाही, हे वाहिनीला त्याच महिन्यात मान्य करावं लागलं.

तिच्याकडेही एकदा अशी मागणी आली होती. एका संस्थेला स्मरणिकेत संस्थापकांचं एक जुनं पत्र छापायचं होतं. पत्र हरवलेलं, मजकूर कुणाच्या तरी आठवणीतला. ते ‘जुन्या टाइपरायटरवरचं वाटेल असं’ करून हवं होतं. तिनं तो मजकूर साध्या पुस्तकी टाइपात, ‘आठवणीवरून’ अशी ओळ वर टाकून मांडून दिला. डागाळलेलं पत्र करून द्यायला ठाम नकार दिला आणि ते काम गेलं. नाटकाच्या पोस्टरवर खोटी जबानी छापता येते, कारण ते नाटक आहे हे सगळ्यांना माहीत असतं. स्मरणिकेतलं पत्र उद्या कुणीतरी संशोधक खरं धरून उद्धृत करील. अशा ठिकाणी ओरखडा वापरणं तिला सरळ फसवणूक वाटते.

मराठी टाइपरायटरचा प्रामाणिक फॉन्ट व्हावा ही तिची इच्छा आता हट्टाच्या पातळीवर आली आहे. अडचणी तिला माहीत आहेत. आजच्या देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांची शेकडो सुबक चित्रं असतात. इथे उलटं करावं लागेल. ती चित्रं बाजूला ठेवून नव्वद चिन्हांतूनच सगळं जुळवायचं, सांधे दिसू द्यायचे, मात्रेची जागा हलवायची नाही, आणि प्रत्येक चिन्हाची निदान पाच-सहा रूपं द्यायची. शिफ्टमधल्या अक्षरांना एकत्र वर किंवा खाली सरकवण्याची सोय हवी. कार्बन आणि रिबन असे दोन वेगळे संच हवेत. हे काम एकट्या डिझायनरचं नाही. अक्षरं घडवणारा, प्रोग्रॅम लिहिणारा आणि यंत्र चालवलेला माणूस असे तिघे एकत्र बसले तरच होईल.

त्यातला तिसरा माणूस कमी होत चालला आहे. गोदरेज अँड बॉइसनं १९५५ साली देशी बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला आणि २००९ च्या सुमारास त्याची निर्मिती थांबवली. टंकलेखन संस्थांतली यंत्रं भंगारात किलोवर गेली. काकांचं यंत्रही आता घरी आहे. रिबन शाई लावून पुन्हा भरून घ्यावी लागते, दुरुस्ती करणारा सापडत नाही.

म्हणून तिचं वाचकांना सांगणं आहे. घरात, संस्थेत, जुन्या कचेरीत मराठी टाइपरायटर असेल तर विकण्याआधी त्यावर पूर्ण बाराखडी, अर्धी अक्षरं, अंक आणि चिन्हं टाइप करून घ्या. शिफ्टसह एकेक कळ, प्रत्येक अक्षर ओळभर. जमल्यास ते एखाद्या शिकलेल्या टंकलेखकाकडून करून घ्या आणि खाली कार्बन जरूर लावा. कागदावर यंत्राची कंपनी, क्रमांक, गाव आणि तारीख लिहा. स्कॅन किमान १२०० डीपीआयवर, राखाडी छटांत करा, टिफ म्हणून साठवा, आणि मूळ कागद जवळच्या ग्रंथालयाला किंवा कला महाविद्यालयाला द्या. जुन्या फाइलींतल्या कार्बन प्रती रद्दीत घालू नका. फॉन्ट आज ना उद्या कुणीतरी करील, पण त्याला पाहायला हे कागद लागतील.